आधी ‘कशावरून?’ विचारा: उतारा, कविता आणि साहित्यातल्या संज्ञांची उजळणी

नववी-दहावीच्या बहुतेक मुलांना अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. उपमेय, उपमान, साधर्म्य हे सगळं ती न अडखळता म्हणून दाखवतात. पण तीच मुलं अनोळखी कवितेसमोर बसली की गप्प होतात, आणि अपठित उताऱ्याखाली ‘लेखकाला काय सुचवायचे आहे?’ असं विचारलं की उताऱ्यातलीच दोन वाक्यं उतरवून मोकळी होतात. व्याकरणाच्या तासाला व्याख्या आणि पाठाच्या तासाला वाचन, अशी फारकत झाल्यामुळे हे होतं. मजकुरात काय चाललंय ते दिसणं म्हणजे आकलन, आणि जे दिसलं त्याला नाव देणं म्हणजे संज्ञा. म्हणून आधी दिसायला हवं, नाव नंतर. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांना तो सरळ वापरता येईल. मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना आणि नव्याने मराठी शिकवू लागलेल्यांनाही तो उपयोगी पडावा.

परीक्षेची चौकट थोडक्यात सांगते. राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रथम भाषा मराठीला लेखी ८० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात. प्रश्नपत्रिकेची जागा आता कृतिपत्रिकेने घेतली आहे: आकृतिबंध, चौकटी, ओघतक्ता, कारणे लिहा, स्वमत अशा कृती असतात. अपठित गद्याला ४ आणि रसग्रहणाला, म्हणजे कवितेच्या ओळींचं सौंदर्य उलगडून लिहिण्याला, ४ गुण. हे आकडे लहान दिसतात, पण इथे जी नजर लागते तीच पठित उताऱ्यांना, कवितेला आणि स्वमताला लागते.

पहिलं वाचन पेनाशिवाय

उतारा हातात आला की प्रश्न आधी वाचावेत की उतारा, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत ठाम आहे: आधी उतारा. प्रश्न आधी वाचले की डोळे फक्त उत्तरं शोधत पळतात, आणि उताऱ्याचा सूर हातचा निसटतो. दीड-दोन मिनिटांचं तर काम आहे. एकदा सलग वाचा, काहीही अधोरेखित न करता. मग प्रश्न पाहा आणि पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचा.

सरावासाठी हा छोटा उतारा घ्या. याच्यावरच पुढचं बरंचसं बोलणं आहे.

‘वळवाचा पाऊस थांबला तसे अण्णा ओसरीवरून उठले. कोपऱ्यातली छत्री त्यांनी उघडून पाहिली, पुन्हा मिटली आणि होती तिथे ठेवली. “चारची गाडी गेली असेल आता,” माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. अण्णांनी उत्तर दिलं नाही. खुंटीवरचा सदरा त्यांनी अंगात घातला, वरचं बटण लावलं. “रस्त्यात चिखल झालाय,” माई पुन्हा म्हणाल्या. “पोराला सवय नाही राहिली चिखलाची,” असं म्हणून अण्णांनी दारातल्या फरशीवर पोतं अंथरलं. माईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं; कप मात्र तीन काढले.’

पहिल्या वाचनानंतर स्वतःला एवढंच विचारा: कोण आहे, कुठे आहे, केव्हा आहे, काय घडतंय? अण्णा आणि माई आहेत. ओसरी, चूल, चिखलाचा रस्ता आहे, म्हणजे गाव असावं. वळवाचा पाऊस आहे, म्हणजे पावसाळा अजून लागलेला नाही. दुपार टळली आहे. घडतंय फारसं काहीच नाही. एक माणूस उठतो, सदरा घालतो, पोतं अंथरतो. तरी काहीतरी चाललंय, हे जाणवतं ना? ते काय, हे दुसऱ्या वाचनात पाहायचं.

छोट्या शब्दांकडे बघा

दुसऱ्या वाचनात कठीण शब्दांच्या आधी छोटे शब्द पकडा. मराठीत अर्थ फिरवण्याचं काम बहुतेक वेळा तेच करतात. ‘त्याने पेढा खाल्ला’ ही साधी बातमी झाली. ‘त्यानेच पेढा खाल्ला’ म्हटलं की आरोप झाला. ‘त्याने पेढाच खाल्ला’ म्हणजे बाकी ताट तसंच राहिलं. ‘त्याने पेढाही खाल्ला’ म्हणजे आधी आणखी बरंच खाऊन झालं होतं. ‘त्याने पेढा तर खाल्ला’ म्हणजे निदान तेवढं तरी झालं. शब्द तेच आहेत, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे झालं.

आपल्या उताऱ्यात असा शब्द आहे ‘मात्र’. ‘कप तीन काढले’ एवढंच असतं तर ती नुसती माहिती झाली असती. ‘कप मात्र तीन काढले’ म्हणताच कळतं की माईंचं आधीचं बोलणं आणि त्यांची ही कृती यांत विरोध आहे. तोंडाने त्या गाडी गेली म्हणतात, चिखल झाला म्हणतात. हाताने तिसरा कप काढतात. ‘पण, तरीही, उलट, मात्र’ हे शब्द दिसले की थांबायचं, विचाराने वळण घेतलेलं असतं. ‘म्हणून, त्यामुळे, कारण’ दिसले की ‘कारणे लिहा’ या कृतीचं उत्तर जवळपासच असतं.

कठीण शब्दांचं तंत्र सोपं आहे. शहरातल्या मुलांना ‘आधण’ माहीत नसेल. पण ते चुलीवर ठेवलंय, चहाचं आहे आणि सोबत कप काढलेत. म्हणजे चहासाठी उकळायला ठेवलेलं पाणी. शब्दाच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचून अंदाज बांधा, अंदाज शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचा, खटकलं नाही तर पुढे चला. घरी वाचत असाल तर शब्दकोश जरूर उघडा, पण अंदाज बांधून झाल्यावर.

ओळींच्या मधलं वाचन

आता खरा प्रश्न: अण्णा आणि माई कशाची वाट पाहत आहेत?

‘मुलाची’ असं बहुतेक मुलं लगेच सांगतात. तिथे थांबू नका. विचारा, कशावरून? उताऱ्यात ‘मुलगा येणार आहे’ असं वाक्य नाही. ‘पोराला सवय नाही राहिली चिखलाची’ हे आहे. ‘सवय नाही’ असं नव्हे, ‘नाही राहिली’. म्हणजे पूर्वी होती. तो इथलाच, याच चिखलात वाढलेला, पण बराच काळ दुसरीकडे राहिलेला. पोतं त्याच्या पायांसाठी. तिसरा कप त्याच्यासाठी. आता उत्तराला तीन पुरावे झाले.

उत्तर लिहितानाही हेच करायचं. ‘अण्णा आणि माई मुलाची वाट पाहत आहेत’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट आहे. ‘अण्णा आणि माई मुलाची वाट पाहत आहेत, हे अण्णांच्या “पोराला सवय नाही राहिली” या वाक्यावरून, दारात अंथरलेल्या पोत्यावरून आणि माईंनी काढलेल्या तीन कपांवरून कळते’ हे पूर्ण उत्तर. तपासणाऱ्याला तुमचा अंदाज नको असतो, तुम्ही तो कुठून आणलात ते हवं असतं.

कधी कधी पुरावा दोन्हीकडे बोट दाखवतो. ‘चारची गाडी गेली असेल आता’ याचा अर्थ काय? गाडी फाट्यावर येऊन पुढे गेली असेल, म्हणजे तो उतरून चालत येत असेल? की गाडी गेली आणि तो आलाच नाही, आता आशा सोडा? दोन्ही अर्थ बसतात. माईंच्या मनातही कदाचित दोन्ही असतील. अशा ठिकाणी मुलं घाबरतात आणि एक अर्थ दामटून लिहितात. त्याची गरज नाही. स्वमतात दोन्ही अर्थ मांडून कोणता अधिक पटतो आणि का, हे लिहिलंत तर उत्तर भक्कम होतं.

एक सावधगिरी हवी. उताऱ्यात नसलेलं घुसडू नका. मुलगा मुंबईला असतो, त्याचं आईवडिलांशी भांडण झालं होतं, तो परदेशातून येतोय, असं काहीच इथे नाही. ‘कशावरून?’ या प्रश्नाला मजकुरात बोट ठेवता आलं नाही, तर ते वाक्य उत्तरातून काढून टाका.

गद्याच्या संज्ञा, याच उताऱ्यावर

निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा आवाज. तो लेखक नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. गोष्टीत ‘मी’ असला तर निवेदन प्रथमपुरुषी, ‘तो-ती-ते’ असले तर तृतीयपुरुषी. आपला उतारा तृतीयपुरुषी आहे, शिवाय निवेदक कुणाच्याही मनात शिरत नाही. ‘अण्णांना मुलाची आठवण आली’ असं तो म्हणत नाही. फक्त छत्री, सदरा, पोतं दाखवतो. यामुळेच वाचकाला काम करावं लागतं. कवितेतही हेच: कवितेतला ‘मी’ म्हणजे दर वेळी कवी नसतो.

पात्र कसं कळतं? बोलण्यातून, वागण्यातून, दुसरे त्याच्याविषयी काय म्हणतात त्यातून. अण्णा कमी बोलतात, पण वरचं बटण लावतात. मुलासमोर नीट दिसावं असं त्यांना वाटतं. व्यक्तिचित्रणावर प्रश्न आला की ‘प्रेमळ, साधे, मेहनती’ अशी विशेषणांची यादी लिहायची सवय सोडा. एक विशेषण लिहिलंत की त्याला लागून एक कृती लिहा.

कथानक म्हणजे घटनांची कारणांसह गुंफण, आणि संघर्ष म्हणजे कथानक पुढे ढकलणारा ताण. तो दर वेळी दोन माणसांत नसतो. माणसाचा परिस्थितीशी किंवा स्वतःशीही असतो. इथे आशा आणि शंका यांचा आहे. वातावरण म्हणजे स्थळ, काळ आणि त्यातून येणारी मनःस्थिती.

विषय, आशय आणि मध्यवर्ती कल्पना या तिन्हींत फार गोंधळ होतो. विषय एका-दोन शब्दांत सांगता येतो: मुलाची वाट पाहणं. आशय म्हणजे त्या विषयाबद्दल मजकूर काय काय सांगतो: दोघं आपापल्या परीने तयारी करतात, पण उघड बोलत नाहीत. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्याचं सार एका वाक्यात: माया बोलण्यापेक्षा वागण्यातून जास्त दिसते. संदेश ही आणखी वेगळी गोष्ट. प्रत्येक उताऱ्यातून बोध निघालाच पाहिजे असं नाही, आणि या उताऱ्याखाली ‘यावरून आपण आईवडिलांची सेवा करावी असा संदेश मिळतो’ असं लिहिणं म्हणजे उतारा न वाचल्यासारखंच आहे.

शब्दशक्ती: आकलन आणि व्याकरण जिथे भेटतात

अभिधा, लक्षणा, व्यंजना हे धडे मुलं व्याकरणाच्या वहीत बंद करून ठेवतात. खरं तर वर आपण केलं ते व्यंजनेचंच काम होतं.

‘तिने कप काढले’ याचा सरळ अर्थ हा वाच्यार्थ. तो देणारी शक्ती अभिधा. ‘सारं गाव जत्रेला लोटलं’ यात गाव म्हणजे घरं, विहिरी नव्हेत, गावातली माणसं. सरळ अर्थ बसत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो, तो लक्ष्यार्थ, शक्ती लक्षणा. आणि सरळ अर्थ नीट बसत असूनही त्याच्यामागे दुसरा अर्थ उमटतो, तो व्यंग्यार्थ, शक्ती व्यंजना. जुन्या साहित्यशास्त्रात यासाठी ‘सूर्य मावळला’ हे उदाहरण देतात. गुराख्याला ते गुरं घराकडे वळवायला सांगतं, चोराला कामाला लागायला, पुजाऱ्याला सांजआरतीला. माईंचं ‘चारची गाडी गेली असेल’ हे वाक्य याच जातीचं. त्यात गाडीच्या वेळेची माहिती आहे, पण मागे काळजी आहे.

‘लेखकाला काय सुचवायचे आहे?’ हा प्रश्न व्यंग्यार्थ विचारतो. ‘ओळीचा अर्थ लिहा’ म्हटलं की वाच्यार्थापासून सुरुवात करून व्यंग्यार्थापर्यंत जायचं.

अलंकार: एकाच दाण्यावर सहा

अलंकार वेगवेगळ्या उदाहरणांवर पाठ केले की एकमेकांत मिसळतात. एकच उदाहरण घेऊन ते फिरवत नेलं तर फरक लक्षात राहतो. ज्वारीचा दाणा हे उपमेय घ्या, म्हणजे ज्याचं वर्णन करायचं ते. मोती हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते.

‘ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे’ ही उपमा. टपोरेपणा हा साधारण धर्म, ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही अंगं इथे हजर आहेत. ‘ज्वारीचे दाणे म्हणजे जणू मोतीच’ ही उत्प्रेक्षा. उपमेय हे उपमानच असावं अशी कल्पना केली. ‘खळ्यात ज्वारीचे मोती सांडले’ हे रूपक. आता दोघं वेगळे राहिलेच नाहीत. ‘हे दाणे नव्हेत, हे मोती’ ही अपन्हुती; उपमेय नाकारून उपमान पुढे केलं. ‘मोत्याहून टपोरा ज्वारीचा दाणा’ हा व्यतिरेक. उपमेय वरचढ ठरलं. आणि ‘ज्वारीच्या दाण्यासारखा ज्वारीचाच दाणा’ हा अनन्वय. तुलनेला दुसरं काही सापडलंच नाही.

या सहा वाक्यांत आपुलकी कशी चढत जाते ते बघा. उपमेत दाणा मोत्याच्या बरोबरीला येऊ पाहतो, व्यतिरेकात मोती मागे पडतो, अनन्वयात मोत्याची गरजच उरत नाही. अलंकार ओळखा या कृतीला नाव पुरतं, पण रसग्रहणात हे ‘कशासाठी’ लिहावं लागतं. घोटाळा सर्वाधिक होतो तो उत्प्रेक्षा आणि रूपकात. ‘जणू, गमे, भासे, वाटे, की’ असे शब्द दिसले तर उत्प्रेक्षेकडे झुका. पण शब्द बघून थांबू नका, कल्पना केली आहे की थेट एकरूपता मानली आहे ते पाहा.

निर्जीव वस्तू किंवा निसर्ग माणसासारखा वागू लागला की चेतनगुणोक्ती. सामान्य विधानाला विशेष उदाहरण देऊन किंवा उदाहरणावरून सामान्य सिद्धान्त काढून समर्थन केलं की अर्थान्तरन्यास. पटवण्यासाठी नुसता समांतर दाखला ठेवला की दृष्टान्त. शब्दालंकारांत अनुप्रास म्हणजे अक्षराची नादमय पुनरावृत्ती, यमक म्हणजे चरणाच्या शेवटी किंवा ठरावीक जागी त्याच अक्षरांचा पुन्हा येणारा मेळ, श्लेष म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ एका वेळी.

रस आणि वृत्त, जेवढं लागतं तेवढं

रस नऊ: शृंगार, वीर, करुण, हास्य, रौद्र, भयानक, बीभत्स, अद्भुत, शांत. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त मूळ आठ मानले जातात, शांत नंतर जोडला गेला, वात्सल्य आणि भक्ती यांनाही पुढे काहींनी रस मानलं. नावं आठवत बसण्यापेक्षा ‘इथे मनात कोणता भाव स्थिर राहतो?’ असं विचारा. शोक राहिला तर करुण, उत्साह राहिला तर वीर, विस्मय राहिला तर अद्भुत. ओळीत ‘अश्रू’ शब्द आला म्हणून करुण रस होत नाही, आनंदाश्रूही असतात.

अभ्यासक्रमात वृत्त, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या ठरावीक क्रमाने बांधलेली रचना, असेल तर लघु-गुरू हाताने पाडून बघा. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. अनुस्वार-विसर्गाचं अक्षर गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्या अक्षरावर येतो तेही गुरू. समर्थ रामदासांच्या ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या चरणाची अक्षरं मोजा: बारा. तीन-तीनचे गट पाडा: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. ‘स’च्या पुढे ‘ज्ज’ आहे म्हणून ‘स’ गुरू. ‘भ’च्या पुढे ‘क्ति’ आहे म्हणून ‘भ’ गुरू. प्रत्येक गटात लघु-गुरू-गुरू मिळतं. तीन अक्षरांच्या अशा गटाला गण म्हणतात. हा य गण, ‘यमाचा’. चार य गण म्हणजे भुजंगप्रयात हे वृत्त. गणांची ही नावंच स्वतःची मापं आहेत: राधिका म्हणजे गुरू-लघु-गुरू, र गण, समरा म्हणजे लघु-लघु-गुरू, स गण.

ओवी आणि अभंग हे अक्षरछंद. तिथे लघु-गुरू पाहत नाहीत, अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळतं.

रसग्रहण लिहून बघू

सरावाला या चार ओळी:

सर आली वळवाची
माती गालात हसली
निजलेल्या गवताने
हळू कूस बदलली

परीक्षेत रसग्रहणाला साधारण तीन बाजू अपेक्षित असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. लिहिण्याआधी तिन्हीसाठी एकेक निरीक्षण पेन्सिलीने टिपून घ्या.

आशय: उन्हाळ्याच्या शेवटी पहिली सर येते आणि मेल्यासारखी वाटणारी जमीन जागी होऊ लागते. काव्यसौंदर्य: माती हसते, गवत कूस बदलते, दोन्ही ठिकाणी चेतनगुणोक्ती. भाषा: प्रत्येक चरणात आठ अक्षरं, ‘हसली-बदलली’ हे यमक, शब्द रोजच्या बोलण्यातले.

इथवर बहुतेक जण येतात. एक पायरी पुढे जा आणि एका शब्दावर रेंगाळा. गवत ‘उठले’ असं का नाही म्हटलं? कूस बदलणारा माणूस अजून झोपेत असतो, पण जिवंत असल्याची खूण देतो. वळवाने जमीन भिजते, खरा पावसाळा पुढे असतो. ‘निजलेल्या’ हा शब्दही तसाच: वाळलेलं गवत कवितेत मेलेलं नाही, झोपलेलं आहे. आणि ‘हळू’मुळे ही हालचाल पुसटशी, लक्ष देणाऱ्यालाच दिसेल अशी होते. उत्तरपत्रिकेत याचं वाक्य असं होईल:

‘गवत जागे झाले असे न म्हणता त्याने “हळू कूस बदलली” असे म्हटल्याने नव्या जीवनाची सुरुवात किती अस्फुट आहे हे जाणवते. वाळलेल्या गवताला “निजलेले” म्हटल्यामुळे त्यात जीव आहे, अशी आशाही सूचित होते.’

असं एक जरी वाक्य उत्तरात असलं तर गाईडमधून पाठ केलेल्या उत्तरापेक्षा ते वेगळं उठून दिसतं. ‘कवीने सुंदर शब्दांत मांडले आहे’, ‘ही कविता मनाला भिडते’ ही वाक्यं कुठल्याही कवितेखाली चालतात, म्हणून ती कुठेच लिहू नका. आणि उत्तराची भाषा एकसारखी ठेवा: सुरुवात ‘केले, झाले’ने केलीत तर मध्येच ‘केलं, झालं’ नको.

उजळणी कशी करावी

संज्ञांसाठी वही करा, पण व्याख्यांची नको. डाव्या पानावर संज्ञा, उजव्या पानावर पाठ्यपुस्तकातली किंवा स्वतः रचलेली ओळ आणि तिच्याखाली ‘कशावरून’चं एक वाक्य. ज्वारीच्या दाण्याऐवजी तुमच्या घरातली, गावातली वस्तू घेऊन सहा अलंकार स्वतः बनवून बघा. चहा, लोकलची गर्दी, काजूचं बोंड, काहीही चालेल.

अपठितासाठी रोज वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतला किंवा एखाद्या जुन्या दिवाळी अंकातला एक परिच्छेद घ्या. त्यावर स्वतः तीन कृती तयार करा: एक माहितीची, एक कारणाची, एक सुचवलेल्या अर्थाची. कृती तयार करणं हे उत्तर लिहिण्यापेक्षा अवघड आहे आणि जास्त शिकवतं. मग भावंडाशी किंवा मित्राशी अदलाबदल करा. त्याचं उत्तर तपासताना चूक-बरोबर अशी खूण करू नका. प्रत्येक वाक्याच्या समासात ‘कशावरून?’ लिहा आणि त्याला परिच्छेदातली ओळ दाखवायला सांगा. ज्या वाक्याला ओळ सापडणार नाही, ते त्याने स्वतःच खोडायचं.